आदर्श साप्ताहिक सभा

रोटरीची स्थापना १९०५ साली शिकागोत झाली. साप्ताहिक सभेला पूर्णत्व मात्र बारामती-इंदापूर पट्ट्यात यावे, अशीच तिची रचना आहे. आदर्श सभा घंटेच्या ठोक्याने सुरू होते. मग पाहुण्यांचा परिचय, त्यानंतर परिचय करून देणाऱ्याचा परिचय. एकच शाल तासाभरात तीन खांद्यांवरून फिरते, त्यामुळे काटकसरही साधते. आपली सभा चुकलेल्या सदस्याला दुसऱ्या क्लबात हजेरी भरून काढण्याची सोय रोटरीत पूर्वापार आहे. ती पुरेपूर वापरल्यास बारामतीकर इंदापुरात बसतील, इंदापूरकर बारामतीत; वाटेत भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॉलीमागे अडकून एकमेकांना हात करतील आणि दोन्हीकडे हजेरी शंभर टक्के लागेल.

सेवा हा विषय अध्यक्षांच्या परवानगीने, आयत्या वेळी येतो. शिलाई मशीन घेणाऱ्या महिलेला ७ वाजता बोलावून ९.३० वाजता मशीन देतात. फोटोग्राफर तेव्हा जेवत असल्यास ते परत घेऊन पुन्हा देतात. रोटरीच्या चतुर्विध कसोटीतला पहिला प्रश्न सत्याविषयी आहे. तो सर्वजण उभे राहून म्हणतात. अहवालात दोन मशीनची नोंद होते.