वीस हजार आणि वर पेन्शन

अहो वहिनी, जरा गडग्याजवळ या. मोठ्यानं बोलले तर पलीकडे ऐकू जायचं. आपल्या रिटायर झालेल्या गुरुजींचं ऐकलंत का? फिस्कटलं! ह्या 2024 च्या 23 सप्टेंबरच्या सरकारी जीआरनं पुन्हा सगळं बदललं, नि गुरुजी तेव्हापासून ओटीवर बसलेत ते उठतच नाहीत. त्यांची बायको, आपल्या काकू, म्हणाल्या, "चहा नेऊन दिला तर कपात साय धरेपर्यंत तसाच."

पण पहिल्यापासून सांगायला हवं. 2023 चा जुलै आठवतो ना? जिल्हा परिषदेच्या शाळांना शिक्षक नाहीत, पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती रखडलेली, म्हणून रिटायर झालेल्यांना बोलवायचं ठरलं. सत्तरीच्या आतला माणूस हवा, महिना वीस हजार मानधन, वर पेन्शन आपली चालूच. गुरुजी तेव्हा सहासष्टचे. पेपर वाचता वाचता चष्मा कपाळावर गेला नि म्हणाले, "वीस अधिक पेन्शन!" काकू समोर फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. त्यांचा गुडघा त्याच पावसाळ्यात डॉक्टरांना दाखवायचा होता हो. त्या एवढंच म्हणाल्या, "मग डबा किती वाजता?" ते ज्या आवाजात म्हणाल्या ना...

तर काय सांगत होते? हां, भाचा. काकूंच्या बहिणीचा मुलगा, डीएड झालेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये टीईटी नव्हे, ती दुसरी, टीईटी नंतरची, शिक्षकभरतीची टीएआयटी देऊन बसलेला. तो नेमका त्या दिवशी आला होता. पोह्यांची बशी हातात, नि गुरुजी त्यालाच सांगताहेत, हमीपत्र लिहून द्यायचं, कायम नोकरीवर हक्क सांगणार नाही म्हणून, बाकी काही नाही. पोराचा चेहरा असा उतरला! त्याचा हिशेब आम्ही नंतर मोजला. उद्या ह्याची निवड झालीच, तर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना सोळा हजार. आणि जुनी पेन्शन? नाव काढू नका. 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे लागलेल्यांना ती तेव्हा नव्हतीच. त्या मार्चला सरकारी माणसं सात दिवस संपावर होती ती कशासाठी होती, सांगा? म्हणजे म्हातारा पेन्शन घेऊन वीस हजारांचा, नि तरणा पेन्शनवाचून सोळा हजारांचा! एवढं ऐकून मी सुद्धा भाजीत मीठ दोनदा घातलं.

गुरुजी गेले हो वरच्या वाडीच्या शाळेत. पांढरी पँट, इस्त्री कडक. पहिल्या दिवशी तीन ओळी फळ्यावर लिहून धाप लागली म्हणे, पण मुलं चिकटली ती चिकटली. मुलांची मजा व्हायची, कारण गुरुजी पाढे म्हणवताना स्वतःच पुढे निघून जायचे. मानधन मात्र चार महिने आलं नाही. ज्या कार्यालयात विचारायला गेले, तिथं बाई म्हणाल्या, "ग्रँट आली की बघू." कोणतं कार्यालय ते विचारू नका.

मग 2024 च्या फेब्रुवारीत पोर्टलची यादी लागली, भाच्याचं नाव आलं, नि शाळा कुठली मिळावी? त्याच वरच्या वाडीची! गुरुजींनी हजेरीपट नि खडूचा डबा त्याच्या हातात दिला. भाच्यानं वाकून नमस्कार केला. काकू सांगतात, दोघंही एकमेकांकडे बघेनात.

मला वाटलं संपलं. पण कुठचं? 5 सप्टेंबरला, अहो शिक्षकदिनाच्याच दिवशी, पुन्हा जीआर. वीस किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, रिटायर झालेले चालतील, मानधन पंधरा हजार. गुरुजी म्हणाले, "पाच हजारांनी उतरलो, पण बोलावलं तरी." सातला गणपती बसले. भाचा आरतीला आला, पानावर बसला, काकूंनी मोदकावर तूप सोडलं नि गुरुजी त्याच वेळी म्हणाले की मी अर्ज करतोय. पोरानं मोदक खाली ठेवला. "काका, उद्या माझ्याच शाळेचा पट घसरला तर माझी जागा तुम्ही घ्याल." सगळे गप्प. मोदक तसाच पानावर. काकूंनी एकदम "भात वाढू का" विचारलं, नि त्यांना स्वतःलाच हुंदका आला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 23 तारखेला वीसचा पट दहावर आला, आणि रिटायर झालेल्यांऐवजी डीएड-बीएडवाले बेरोजगार घ्यायचे ठरले. गुरुजींचा पत्ता कट. आणि ह्या कंत्राटी भरतीविरुद्ध 25 ला राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले. भाचाही गेला. जाताना गुरुजींना सांगून गेला, असं काकूंचं म्हणणं. गुरुजी ह्यावर काहीच बोलले नाहीत, फक्त छत्री दिली.

बेरोजगार पोरांना तरी कुठं बरं झालंय? पंधरा हजारांत, तेही वर्षभराचं. माझं विचाराल वहिनी, तर वीस हजार तरण्या पोरांना द्यायला हवे होते, आणि सोळा गुरुजींना. गुरुजी तेवढ्यातही गेले असते.