थरथरतज्ज्ञ नाना

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. लिफ्ट बंद पडली की हे सापडत नाहीत. पण पार्किंगमध्ये कुणी ‘हायवेला स्टिअरिंग थरथरतंय’ असं नुसतं पुटपुटलं, तरी तिसऱ्या मजल्यावरून चपला अडकवत हजर! हयात पाटबंधारे खात्यात गेली, स्वतःची गाडी फार तर मंडईपर्यंत जाते. पण थरथर हा नानांचा प्रांत.

पहिला प्रश्न ठरलेला. “कितीला?”

“नव्वदच्या आसपास.”

“आणि शंभरच्या पुढे?”

“जरा कमी होते.”

“मग बॅलन्सिंग.”

वैताग याचा, की नाना बरोबर असतात. चाकाचा तोल बिघडला की थरथर साधारण 80 ते 110च्या पट्ट्यातच जागी होते. इथेच थांबले तर देवमाणूस. पण चुटकीसरशी सापडलेला आजार त्यांना कमीपणाचा वाटतो. स्टिअरिंग हलतं की सीट? स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं, बूड हललं तर मागची. ब्रेक दाबल्यावर हादरे बसतात? डिस्क बघा. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर? ड्राइव्ह शाफ्ट! टाय रॉड, लोअर आर्मचे बुश हे सगळं निघेपर्यंत गाडीमालकाचा चेहरा पांढरा पडलेला असतो.

मग एक्स्प्रेस-वेवर चाचणी. उर्से टोलनाका मागे पडला की नाना चपला काढून तळपाय सपाट टेकतात आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा डॅशबोर्डवर तळवा ठेवतात. एसी बंद, गाणी बंद, मागे वहिनींच्या हातातला चिवड्याचा पुडाही बंद. त्याच्या चुरचुरीनं म्हणे निदान चुकतं. खंडाळ्याचे धबधबे त्यांना दिसतच नाहीत. घाटात मर्यादा 60ची, म्हणजे त्यांच्या लेखी तेवढा रस्ता वाया.

टायरवाल्याकडे तर नाना भलतेच रंगात येतात. शेजारचं गिऱ्हाईक ‘गाडी थरथरते, अलाइनमेंट करून द्या’ म्हणालं, की ते स्टुलावरून उठतात. “अलाइनमेंट बिघडली तर गाडी ओढते हो, टायर खाते! थरथरत नाही!” ओळखपाळख नसताना एवढं प्रेम कोण दाखवतो?

पोरगा चाक मशीनवर चढवतो. आकडा येतो 45 ग्रॅम. वजन ठोकायच्या आधी तो रिमच्या आत डोकावतो आणि स्क्रू-ड्रायव्हरनं वाळलेल्या चिखलाचं हे एवढं ढेकूळ खरवडून काढतो. पुन्हा फिरवतो. आता 10. चिमूटभर वजन लागतं आणि काम खलास. मालकाचा जीव भांड्यात पडतो, नानांचा मात्र चेहरा उतरतो. लोअर आर्मसाठी त्यांनी एक ओळखीचा गॅरेजवालाही बोलून ठेवलेला असतो.

परतीला 95 धरून गाडी लोण्यासारखी जाते. नाना बराच वेळ गप्प. तळपाय अजून टेकलेलेच.

“गेलेली नाही ती,” शेवटी ते म्हणतात. “दबलीय. एकशेवीसला येईल बघा वर. पण इथं शंभरच्या पुढे कॅमेरे धरतात ना, तिचं आयतंच फावलंय.”