आधी कोहळा आणा
(नवशिक्या स्थळपुराणकारांसाठी)

गावाचं पुराण लिहायला बसताय? बसा. साहित्य थोडंच लागतं: शाई, कागद, कुणी साक्षीदार उरला नसेल इतका जुना काळ आणि एक कोहळा. कोहळ्याचं काम शेवटी. तोवर तो कोपऱ्यात राहू द्या.

सुरुवातीला गावाच्या नावातून एक माणूस काढा. कोल्हापुरातून कोल्हासुर निघाला, तसा. ही आपलीच मक्तेदारी आहे असं समजू नका. तिकडं जेफ्री ऑफ मॉनमथ नावाच्या पाद्र्यानं ११३६च्या सुमारास ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला आणि ट्रॉयवाल्यांच्या वंशातल्या ब्रूटसवरून देशाला नाव पडलं, असं ठोकून दिलं. पण ब्रूटस पडला राजा. तुम्ही राक्षसच घ्या. राक्षसाला मरताना वर मागता येतो. ‘या नगरीला माझं नाव राहू दे’ एवढं तो म्हणाला की व्युत्पत्ती मिटली.

मग आधार. ‘हे मी लिहिलं’ असं चुकूनही म्हणायचं नाही. जेफ्री म्हणतो, ऑक्सफर्डच्या वॉल्टर नावाच्या धर्माधिकाऱ्यानं एक फार जुना ग्रंथ दिला, मी नुसतं भाषांतर केलं. तो ग्रंथ पुढं कुणाला दिसला नाही. आपल्याकडं करवीरचं, म्हणजे कोल्हापूरचं, करवीरमाहात्म्य तर थेट पद्मपुराणाच्या खात्यावर जमा आहे. वाद घालायचाच तर व्यासांशी घाला!

मोजमाप मात्र चोख हवं. करवीर काशीहून श्रेष्ठ, पण कितीनं? जवभर. ‘लई भारी’ म्हटलं असतं तर काशीकर धावून आले असते. एका जवासाठी कोण भांडतंय?

अधूनमधून खरे राजे पेरा. जेफ्रीच्याच काळात इथं शिलाहार गंडरादित्य होता. त्यानं गंडसमुद्र नावाचं तळं बांधलं आणि काठावर शिव, बुद्ध, जिन असे तिघेही बसवले. लेखात तसं कोरलेलं आहे. पण हेच शिलाहार आपलं कूळ गरुडापुढं स्वतःचा देह ठेवणाऱ्या जीमूतवाहनापर्यंत नेतात आणि महालक्ष्मीचा वरप्रसाद मिळाल्याचं बिरुद मिरवतात. तळं खरं, पूर्वज पुराणातला, आणि दोन्ही एकाच घराण्याच्या दप्तरात. राजाच असा मदतीला आल्यावर तुम्ही कशाला लाजताय?

आता अवघड भाग: रुसवा. इथं घाई करू नका. कोल्हासुराचा पोरगा कामाक्ष योगदंड फिरवून देवांची मेंढरं करतो. त्र्यंबोली, म्हणजे आपली टेंबलाई, त्याला मारून सगळ्यांना सोडवते. विजयाचा सोहळा होतो आणि नेमकं तिलाच बोलवायचं राहतं. ती उठून टेकडीवर जाते आणि गावाकडं पाठ फिरवून बसते. लग्नात मानपान चुकलेली आत्या ज्यानं पाहिली आहे, त्याला हा प्रसंग खोटा वाटणार नाही. शेवटी कोल्हासुराला मारणारी अंबाबाई, म्हणजे महालक्ष्मीच, लवाजमा घेऊन समजूत काढायला जाते. टेंबलाईला कोल्हासुराचा वध पाहायचा असतो. राक्षस तर मेलेला. आता तो कोपऱ्यातला कोहळा उचला.

ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन उभे राहा. अंबाबाईची पालखी येते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि तुकड्यांसाठी अशी झुंबड उडते की चप्पल एकीकडं, माणूस दुसरीकडं. ज्याच्या हाताला तुकडा लागला त्याला गाठा. गंडरादित्य कोण, असं विचारा. तो तुमच्याकडं बघत राहील. मग विचारा, पालखी इथं कशाला येते? मुठीतला तुकडा सांभाळत तो सगळं सांगेल, मेंढरांसकट.