उलटं होताना

खुलताबादेत मारुतीसुद्धा आडवा आहे. गावोगावचा मारुती ताठ उभा असतो. इथला भद्रा मारुती मात्र पाठ टेकून निजलेला. भद्रसेन राजाची रामभजनं ऐकता ऐकता त्याला झोप लागली, असं सांगतात. माझा संशय द्रोणागिरीवर आहे. एवढा डोंगर उचलून आणल्यावर कोणाची कंबर धरणार नाही? हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगराहून माणसं रात्रभर पायी घाट चढून येतात आणि पहाटेच्या रांगेत, कंबरेवर हात ठेवून, त्या निवांत देवाकडे जरा हेव्यानेच बघतात.

माझी कंबर डोंगर न उचलताच धरली. मग भाच्याने शहरातून एक टेबल आणलं. नावालाच टेबल, त्यावर ताट काही ठेवता येत नाही. घोटे जाडजूड गाद्यांत अडकवायचे, हात सावकाश डोक्यामागे न्यायचे, की सबंध माणूस तराजूच्या दांडीसारखा कलंडतो. आधी खिशातली चिल्लर जाते, मग चष्मा, मग वयाचा आब. पंखा जमिनीतून उमलल्यासारखा दिसतो, खिडकीतला लिंब आभाळात मुळं रोवून उभा असतो. भिंतीवर तोंड खाली करून बसलेली पाल तेवढी सरळ दिसते, आणि या मुलखात नवखे कोण आले म्हणून टक लावून पाहते.

यामागचं शास्त्र साधं आहे. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने चेपतात. संध्याकाळचा माणूस सकाळच्यापेक्षा सेंटिमीटरभर बुटकाच असतो. उलटं झालं की तोच भार मणक्यांना ओढून जरा मोकळीक देतो, आवळलेले स्नायू सैलावतात. पुण्यात अय्यंगारांच्या योगसंस्थेत भिंतीच्या दोरांना लोक शीर्षासनात लटकतात, तेही याच आशेने. बरं वाटतं, यात खोटं नाही. पण पाय जमिनीला लागले की पृथ्वी थोड्याच वेळात आपली थकबाकी वसूल करते. अंतराळवीरांना तर भारच नाही. त्यांची उंची शेकडा ३ पर्यंत वाढते, आणि पाठ तरीही दुखते! पाठीचं समाधान करणं ब्रह्मदेवालाही जमलेलं दिसत नाही.

उलटं टांगून घेणं या गावाला मात्र नवं नाही. निदान नात्याने तरी नाही. इथे ज्यांचा दर्गा आहे ते बुऱ्हानुद्दीन गरीब दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य, आणि निजामुद्दीन हे बाबा फरीदांचे. बाबा फरीदांनी उच इथल्या एका मशिदीच्या विहिरीत चाळीस रात्री पायाला दोर बांधून, डोकं खाली करून उपासना केली, असं परंपरा सांगते. त्याला चिल्ला-ए-माकूस म्हणतात. आम्ही मिनिटभर लटकून घड्याळ बघतो. तेही उलटंच दिसतं.

बुऱ्हानुद्दीनांची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. सत्तरी ओलांडलेली, अंग थकलेलं, म्हणून ते घोंगडी दुहेरी घालून बसू लागले. कोणीतरी गुरूंच्या कानावर घातलं की हे गादीवर बसून पीरपणा करतात. गुरू रागावले. शेवटी अमीर खुसरोंनी गळ्यात पगडी अडकवून रदबदली केली, तेव्हा कुठे माफी मिळाली. एवढ्या थोर माणसालाही दुखऱ्या हाडांचा खुलासा करावा लागला! पुढे ते दख्खनेत आले, १३३७ मध्ये गेले, आणि इथेच विसावले. त्यांच्या दर्ग्यावरून जाताना मला आधी ती घोंगडीच आठवते.

पण विहिरीच्या गोष्टीत मला खरा मोठा वाटतो तो तिथला मुअज्जिन. रात्री दोर सोडायचा आणि पहाटे ओढून घ्यायचा, हे काम त्याचं. उलट्या माणसाची साधना जगाने लक्षात ठेवली. काठावर जागणाऱ्याचे हात किती भरून आले असतील, हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे भाचा टेबलाची कड धरून उभा असतो. लहानपणी याला मी पाय धरून उलटा झुलवायचो, आणि तो खिदळत "अजून, मामा, अजून" म्हणायचा. आता तोच म्हणतो, "मामा, घाबरू नका, मी धरलंय. सांगाल तेव्हा वर घेतो." मी लगेच सांगत नाही. पाठीसाठी नव्हे, त्याने धरलेलं असतं म्हणून.

रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारून खुशाल उलटं व्हावं, पण घरात दुसरं कोणी नसताना नाही.