आज रोख, उद्या यूपीआय

२०१६च्या नोटाबंदीपासून आपल्याकडून एकच धडा घोटवून घेतला गेला: रोखीने व्यवहार म्हणजे मागासलेपण. भाजीवाल्यांनी तो इमानेइतबारे गिरवला. कोथिंबिरीच्या जुड्यांत क्यूआर कोड उभा राहिला, गाडीला टांगलेला डबा 'दहा रुपये प्राप्त झाले' असं अख्ख्या गल्लीला ओरडून सांगू लागला. गल्लीला ऐकू गेलं ते कर खात्याला ऐकू जाणार नाही, असं वाटलं होतं की काय?

जुलै २०२५मध्ये कर्नाटकाच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याकडे तर तब्बल २९ लाख मागितले. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, हा किरकोळ तपशील बहुधा पिशवीच्या तळाशी गेला असावा! बेंगळुरूत 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मग सरकारने जुनी थकबाकी माफ केली, पण जीएसटी नोंदणी मात्र कराच, असंही बजावलं.

गिऱ्हाइकाचं काय? त्याने एटीएम शोधावं. तिथून पाचशेचीच नोट निघणार, आणि भाजीवाला विचारणार, "सुट्टे नाहीत का, साहेब?"