सकाय येस

आमच्या मिस्त्रीच्या अहिराणीत 'येस' म्हणजे 'येतो'. मी मूळचा धुळ्याचा, मला हे कळायला हवं होतं. पण नोकरीपायी पंधरा वर्षं जळगावात गेली, ऑफिसात साहेबाला वेगळंच 'येस' म्हणायची सवय लागली, आणि गफलत झाली. "उद्या फरशीला हात घालायचा ना, नाना?" मी विचारतो. "सकाय येस, भाऊ," नाना म्हणतात. मला वाटतं होकार मिळाला, त्यांना वाटतं मला कटवलं. दोघंही खुशीत फोन ठेवतो. 'सकाय' म्हणजे उद्या. कोणत्या दिवसाचा उद्या, हे नानांनी अजून सांगितलेलं नाही.

भूमिपूजन 2023च्या आखाजीला केलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि अक्षय्य म्हणजे जे संपत नाही ते. हा अर्थ भटजींनी तेव्हाच फोडून सांगितला असता तर मी दुसरा मुहूर्त धरला असता. दोन्ही बहिणींना त्याच दिवशी कबूल केलं होतं, पुढच्या आखाजीचं माहेरपण नव्या घरात, झोका गॅलरीत. झोक्याचे हूक आठवणीने स्लॅबमध्ये टाकून घेतले. घरातलं वेळेवर झालेलं काम एवढंच. सध्या एका हुकाला नानांचा शर्ट झोके घेतो, दुसऱ्याला डबा.

आम्ही मुहूर्त केला त्याच महिन्यात राज्य सरकारने सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आणलं. मी बातमीचं कात्रण खिशात घालून हिंडलो. गिरणेची वाळू मात्र रात्री दीड वाजता, दिवे न लावलेल्या डंपरमधून आली. ड्रायव्हरला मी कात्रण दाखवलं. त्याने ते मोबाइलच्या उजेडात पूर्ण वाचलं, घडी घालून परत दिलं आणि स्वतःचा भाव सांगितला. 2025च्या एप्रिलात सरकारने धोरण बदललं, डेपो गेले, लिलाव परत आले. एका धोरणाचं जन्म ते मरण आमच्या घराने पाहिलं, तेही बिनप्लास्टरच्या भिंतींनी.

पहिल्या आखाजीला झोक्याऐवजी स्लॅब पडला. बहिणी आल्या, सेंट्रिंगच्या बल्ल्यांमधून वाकून घर बघितलं आणि जेवून गेल्या. जळगावात मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, तेव्हा शहाणा माणूस स्लॅब टाकत नाही. आम्ही टाकला. वर सिमेंटचे वाफे बांधले, सकाळी तुडुंब भरले, दुपारी जाऊन बघावं तर तळाला पांढरा डाग. ठिबक सिंचनासाठी देशभर नाव काढलेल्या गावात मी एकटा मोकाट पाणी देणारा शेतकरी. "केळीच्या बागेलाबी इतकं पानी लागत नाही भो," टँकरवाला हळहळला आणि पुढच्या खेपेला दोनशे रुपये वाढवून गेला.

गेलं वर्षभर घर नव्वद टक्के पूर्ण आहे. उरलंय फक्त फिनिशिंग. फिनिशिंगमध्ये काय येतं, असं मी एकदा धीर करून विचारलं. नानांनी बोटांवर मोजून दाखवलं: दारं, खिडक्या, फरशी, नळ, लाइट, रंग. म्हणजे भिंती आणि छत सोडून माणूस ज्याला घर म्हणतो ते सगळं. नानांना दोष देण्यात अर्थ नाही. ते परंपरेतले आहेत. अमळनेरजवळ पाडळसऱ्याला तापीवरचं धरण पंचवीस वर्षांहून जास्त काळ फिनिशिंगला आहे. तरसोद ते फागणे रस्ता चौपदरी व्हायच्या वाटेवर माझे अर्धे मणके झिजले. मनमाड-इंदूर रेल्वेच्या शिट्टीची वाट बघत धुळ्यातली अख्खी पिढी म्हातारी झाली. 2024च्या सप्टेंबरात केंद्राने त्या 309 किलोमीटरसाठी 18,036 कोटी मंजूर केले, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. मंजुरीला पेढे वाटणारा प्रदेश आहे हा. गाडी येईल तेव्हा वाटायला काही शिल्लक ठेवलं पाहिजे, एवढं मात्र कोणी म्हणालं नाही.

आणि जळगावात घरावर विनोद जरा जपूनच करावा. इथल्या नगरपालिकेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गरिबांसाठी अकरा हजारांहून जास्त घरकुलं बांधायला काढली. पूर्ण झाली ती दीड हजार. 2006 साली गुन्हा दाखल झाला. 31 ऑगस्ट 2019 रोजी विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह 48 जणांना शिक्षा सुनावली, त्यावर उच्च न्यायालयात अपिलं गेली. म्हणजे खटल्याचंही फिनिशिंग राहिलं. माझ्या घराला तीन वर्षं लागली तर मी सदर लिहितो. ज्यांचं घरकुल कागदावरच राहिलं त्यांना कोणी सदर देत नाही.

ते विशेष न्यायालय धुळ्याचं होतं. घरं जळगावची, निकाल धुळ्याचा. आमच्याकडे वेगळं काय आहे? प्लॉट जळगावात, न्यायाधीश धुळ्यात. माझे वडील, आप्पा, दर रविवारी एसटीने येतात, छत्री टेकत सगळ्या खोल्या फिरतात आणि निकाल देतात. फॉल सीलिंगमधली दिव्यांची चोवीस भोकं बघून परवा म्हणाले, "हाई घर शे की टेशन शे?" मग धुळ्याच्या धाब्याच्या घराचं पुराण: आजोबांनी काठीने जमिनीवर रेघा ओढल्या, दिवाळीनंतर भिंती धरल्या, आखाजीच्या आत वर पांढरी माती पडली. ना आर्किटेक्ट, ना वास्तुतज्ज्ञ. पोरं उन्हाळाभर धाब्यावर झोपायची. आई तोपर्यंत गप्प असते. मग म्हणते, "आणि पावसाळ्यात भगुणी कोण मांडायचं गळक्याखाली?" आप्पांना तेवढ्यात परतीची एसटी आठवते.

वास्तुतज्ज्ञ मात्र आम्ही केला. त्याने स्वयंपाकघर आणि संडास यांची दिशा बदलायला लावली. दोन्ही भिंती पाडून पुन्हा बांधल्या. ती हकिगत सांगायला घेतली तर बायको उठून जाते, तेव्हा राहू द्या.

होळीच्या आधी सातपुड्यातले मजूर भोंगऱ्याच्या बाजाराला घरी गेले. त्यांनी जाताना येण्याची तारीख सांगितली आणि त्याच तारखेला परत आले. साऱ्या बांधकामात शब्द पाळणारे तेवढेच. सुतार मात्र इथलाच, पलीकडच्या गल्लीतला. त्याचं 'सकाय' नानांच्याहून लांब पल्ल्याचं आहे.

आता गच्चीकडे बघा. कॉलमच्या सळया चार-चार फूट वर सोडल्यात. त्या गंजू नयेत म्हणून टोकांना प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्यात. जळगाव असो की धुळे, कुठल्याही कॉलनीत मान वर करा, हेच पीक दिसेल. सळया पुढच्या मजल्यासाठी. पुढचा मजला मुलासाठी. मुलगा पुण्याला हिंजवडीत असतो. त्याने तिथे वनबीएचके बुक केलाय, ताबा दीड वर्षापूर्वी मिळणार होता. मी फोन करून विचारलं, "किती राहिलं रे?" तो म्हणाला, "फक्त फिनिशिंग, बाबा."

सळया कापून टाका, असं मी नानांना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वंशच कापायला सांगतोय. सळया राहिल्या.

तर यंदाच्या आखाजीला वास्तुशांत करायची ठरली आहे. भटजी पक्के झालेत, सांजोऱ्यांचा रवा आणून ठेवलाय, बहिणींना निरोप गेलाय. नानांनाही आमंत्रण दिलं. ते काय म्हणाले, ते तुमच्या ध्यानात आलं असेलच. तुम्हीही या. गेटला निळा प्रायमर आहे, बेल अजून बसलेली नाही, खालूनच हाक मारा. जिन्याला कठडा नाही, भिंतीच्या कडेने चढा.