न उच्चारलेल्या ‘के’चा मान

केळीसाठी देशभर नाव असलेल्या जळगावचं पोर पुण्यात शिकायला जातं, ‘केयी’ म्हणतं आणि सगळी खोली हसते. लेवा बोलीत आणि अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. याला म्हणायचं अशुद्ध.

इंग्रजीत रात्रही ‘नाइट’ आणि चिलखतातला सरदारही ‘नाइट’. सरदाराच्या पुढे एक ‘के’ भालदारासारखा उभा असतो, पण ललकारी काही देत नाही. आठवडा ‘वीक’, अशक्तही ‘वीक’. फूल आणि पीठ यांचाही उच्चार एकच. याला म्हणायचं समृद्ध.

तो ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जाई. 1476 च्या सुमारास कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली आणि उच्चार पुढे निघून गेले. म्हणजे लंडनने अक्षर गिळलं की भाषेचा इतिहास, धुळ्याने बदललं की गावंढळपणा.

2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे हा न्याय आता सहाव्या वर्षीच कळतो.

2018 साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि त्यांच्या कवितेत तोच ‘य’ दिमाखात नांदतो. पदवीवर त्यांचं नाव जरूर मिरवावं. मुलाखतीला जाताना मात्र ‘य’ घरी ठेवावा आणि ‘के’ सोबत न्यावा. बोलायला नव्हे, फक्त लिहायला.